मार्जारकिशोरन्याय

मांजराच्या पिल्लाच्या अंगावरून फणी फिरविणे हा तत्त्वचिंतनाचा विषय नव्हे, असे गेल्या आषाढापर्यंत आमचेही मत होते. बेझंटनगरच्या सरकारी वसाहतीत जिन्याखाली एक कोपरा आहे. बदली झालेली माणसे आपली रिकामी खोकी तेथे टाकून जातात. अशाच एका खोक्यात आम्हांला दोन पिल्ले सापडली. एक राखी पट्ट्यांचे, दुसरे तांबूस. दोन दिवस वाट पाहूनही त्यांची आई आली नाही, तेव्हा खोके वर आणणे भाग पडले. स्वयंपाकघरातील काट्यावर एक पाचशे ग्रॅम भरले, दुसरे साडेचारशे. जन्मतः मांजराचे पिल्लू सुमारे शंभर ग्रॅमचे असते आणि दर आठवड्यास साधारण तेवढीच भर घालते. या हिशेबाने ती महिन्याभराची असावीत.

दोन्ही पिल्ले पिसवांनी भरली होती. पोटावरचे विरळ केस बाजूस सारताच तपकिरी ठिपके धावताना दिसत, आणि कातडीवर काळ्या मिरपुडीसारखे कण पडलेले असत. हे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकले की त्यांच्याभोवती तांबूस वलय उमटते. कारण ती पिसवांची विष्ठा असते, म्हणजे पिल्लाचेच पचलेले रक्त. तांबड्या पिल्लाच्या हिरड्या गुलाबी असावयाच्या त्या पांढुरक्या पडल्या होत्या. मोठ्या मांजराला पिसू म्हणजे केवळ खाज; परंतु एवढ्याशा देहात रक्त ते किती! पिसवांनी रक्त शोषल्याने अशी पिल्ले पांडुरोग होऊन मरतात, हे पशुवैद्य बाईंनी सांगितले तेव्हा प्रथम आम्हांस कळले. मानेवर थेंब सोडावयाचे जे औषध मिळते ते आठ आठवड्यांच्या आत द्यावयाचे नाही. तोपर्यंत उपाय एकच: बारीक दातांची फणी आणि वाटीभर साबणाचे पाणी.

नुसते पाणी का नको, असे आम्ही विचारले. पिसू इतकी हलकी असते की साध्या पाण्याच्या पृष्ठावर ती तरंगते आणि उडी मारून निघून जाते. साबणाने पाण्याचा तो ताण मोडतो आणि ती बुडते. शालेय भौतिकशास्त्राचा असा उपयोग आम्हांला उभ्या नोकरीत कधी करावा लागला नव्हता. पहिल्या संध्याकाळी एकतीस पिसवा निघाल्या, दुसऱ्या दिवशी एकोणीस. आकडे टिपून ठेवण्याची आमची सवय वाचकांस समजण्याजोगी आहे.

पाचव्या दिवशी आषाढी एकादशी होती. आमच्या मातोश्री सध्या आमच्याकडे असतात. त्या पोथीवरून मान वर करून म्हणाल्या, “अरे, चातुर्मास लागला. तिन्हीसांजेला जीव मारू नयेत. दिवेलागणीच्या आत आटपत जा.”

मारू नकोस, असे त्यांनी म्हटले नाही. वेळ तेवढी बदलावयास सांगितली. आम्हांला मात्र त्या वाक्याने अस्वस्थ केले. वाटीकडे पाहिले तो तीत एक पिसू अद्याप पाय हलवीत होती. तिने आमचा काय अपराध केला होता? भूक लागली म्हणून तिने जेवण केले. तिला दुसरे अन्न पचत नाही. पिल्लाला दूध सोडून गवत खाण्याचा सल्ला जितका निरर्थक, तितकाच तिला रक्त सोडण्याचा. तिच्या ठायी द्वेष नाही, लोभ नाही, साठेबाजीही नाही. आणि आम्ही रोज संध्याकाळी चष्मा पुसून, दिव्याखाली बसून, शांतपणे तिचा आणि तिच्या भाईबंदांचा वध करीत होतो. कोणत्या अधिकाराने?

मातोश्रींची पोथी ज्ञानेश्वरी होती. त्या रात्री आम्ही तिचा तेरावा अध्याय पुष्कळ वर्षांनी पुन्हा उघडला. अहिंसेचे विवेचन करताना ज्ञानेश्वरांनी आयुर्वेदाचीही झाडाझडती घेतली आहे, याचा आम्हांला विसर पडला होता. जीव वाचविण्यासाठी जीवाचाच घात करावयाचा ही या शास्त्राची तऱ्हा, असे ते म्हणतात. कोणाचे कंद खणावयाचे, कोणास मुळापानांसह उपटावयाचे, कोणाची साल सोलावयाची, आणि त्यातून म्हणे दया सिद्ध करावयाची! राहती घरे मोडून देवळे बांधण्यासारखेच हे झाले, असा त्यांचा उपरोध आहे. तेराव्या शतकातील हा प्रश्न आमच्या साबणाच्या वाटीत पाय हलवीत होता.

या प्रश्नातून सुटण्याच्या ज्या पळवाटा आम्ही शोधल्या त्या सांगितल्या पाहिजेत. पहिली, पिसवेला वेदना होत नसावी. ज्याला दुःख होऊ शकते त्याचा नीतीत विचार झाला पाहिजे, अशी कसोटी बेंथमने १७८९ साली मांडली. तीवर पिसू उतरत नाही, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु फणीतून निसटण्यासाठी ती जी धडपड करते ती पाहिल्यावर हे विधान छातीठोकपणे करण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. दुसरी पळवाट संख्येची: पिसवा अगणित, पिल्ले दोन. पण संख्येने न्याय करावयाचा तर तो पिसवांच्याच बाजूने लागेल. तिसरी, पिसवांचा नाश म्हणजे रोगाचा प्रतिबंध. हे खरे आहे. पिसवेच्या पोटात पट्टकृमीची अळी असते, आणि अंग चाटताना मांजराने अशी पिसू गिळली की कृमी तिच्या आतड्यात घर करतो. मात्र हे कारण आम्हांला मागाहून सापडले. फणी आम्ही आधीच हाती घेतली होती. कृत्यानंतर शोधलेल्या कारणाला आपल्या कचेऱ्यांत काय म्हणतात ते सर्वांस ठाऊक आहे.

जीवमात्राविषयी समान दया दाखवू पाहणारे लोकही होऊन गेले. सुरतेच्या पांजरपोळाविषयी जेम्स फोर्ब्ज याने १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे. तेथे म्हाताऱ्या व जखमी जनावरांप्रमाणेच पिसवा, उवा, ढेकूण यांचीही व्यवस्था असे. त्यांना जेवू घालण्यासाठी रस्त्यावरचे भिकारी पैसे देऊन आणीत, आणि त्यांनी एक रात्र तेथे निजावे, कीटकांना अडथळा करू नये, असा करार असे. फोर्ब्जने थट्टेचा रंग थोडा अधिक भरला असेल. परंतु हकीकत जशी आहे तशी धरली तरी विचार करावासा वाटतो तो त्या भिकाऱ्याचा. पिसवेवरील दया शेठजींची, पुण्य शेठजींचे, आणि रक्त मात्र त्याचे. म्हणजे पक्षपात टाळला गेला असे नव्हे. तो केवळ ज्याला तक्रार करता येत नाही अशाच्या अंगावर ढकलला गेला.

तेव्हा आम्ही सरळ कबूल केले की आमचा हा पक्षपातच आहे. ज्या क्षणी आम्ही ते खोके जिन्याखालून वर आणले त्या क्षणी आम्ही तटस्थ राहिलो नाही. पिल्ले जिन्याखाली असती आणि आम्ही नुसते जात-येत असतो, तर पिसू आणि पिल्लू यांच्या तंट्यात पडण्याचे आम्हांला कारण नव्हते. आता ती आमच्या पदरात आहेत, आणि पदरात घेतलेल्याच्या बाजूने उभे राहणे हे पदरात घेण्याचेच दुसरे नाव. याने पिसवेवर न्याय होत नाही. तो झाला असे आम्ही म्हणतही नाही. अन्याय थोडका व्हावा, चिरडून हाल करू नयेत, लवकर बुडावी म्हणून साबण पुरेसा घालावा, एवढेच आमच्या हाती होते.

येथवर प्रश्न पिसवेचा झाला. खरा कठीण प्रश्न पिल्लांचाच होता, हे पुढे ध्यानात आले.

फणी त्यांना मुळीच आवडत नसे. राखी पिल्लू पहिल्या दिवसापासून किंचाळत असे, नखे काढीत असे. तांबडे अशक्त होते म्हणून निमूट राही, आणि ते निमूटपण अधिक लागत असे. पुढे आठ आठवडे पुरे झाले, वजन नऊशेच्या पुढे गेले, आणि पशुवैद्य बाईंनी औषधाची चिठ्ठी दिली. हे औषध फिप्रोनिल. कीटकांच्या मज्जातंतूंत उत्तेजनाला आवर घालणारे जे द्वार असते ते याने बंद होते, आणि कीटक अतिरेकी उत्तेजनाने मरतो. ते कातडीच्या तेलाबरोबर अंगभर पसरते. मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या हाडांच्या मधोमध, केस दुभंगून ते थेट कातडीवर सोडावयाचे. कारण तेवढी एकच जागा अशी की जेथे मांजराची जीभ पोहोचत नाही. दोन्ही पिल्लांना एकाच वेळी औषध लावून एकत्र सोडावयाचे नाही, नाहीतर एकमेकांची मान चाटतात. सौभाग्यवतींनी एकाला पंच्यात गुंडाळून धरले, आम्ही नळीचे टोक मोडले, आणि आमचा हात थरथरू लागला.

याचे कारण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका प्रांतात नेमणूक असताना, आमच्या घरी मनी नावाची मांजरी होती. तिलाही पिसवा झाल्या. शेजारच्या बंगल्यात कुत्रा होता. त्याच्या औषधाची एक नळी उरली होती ती आम्ही मागून आणली आणि मोठ्या मायेने मनीच्या मानेवर रिकामी केली. त्या औषधात पर्मेथ्रिन होते. कुत्र्याचे यकृत ते मोडून बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात त्या कामाची शक्ती फारच तोकडी असते. ते अंगात साचत जाते आणि मज्जातंतूंना पेटवीत राहते. मध्यरात्री तिचे कान फडफडू लागले, मग अंगाला कंप सुटला, मग झटके. पहाटे ती गेली. मांजरांना वापरू नये, असे त्या वेष्टनावर छापलेले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिपणीतील चुका काढणाऱ्या आम्हांला ती ओळ वाचावीशी वाटली नव्हती. मनीचा विश्वास एवढा की औषध लावून घेताना ती गुरगुरलीही नाही.

हित करण्याचा हेतू असला म्हणजे बळजोरी क्षम्य ठरते, असे आपण सहज म्हणतो. मनीच्या वेळी हेतूत काय उणे होते? काहीच नाही. प्रेमही पुरेसे होते. उणे होते ते ज्ञान, आणि ते आपल्यापाशी नाही ही जाणीव. ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्यावर उपकार करणाऱ्याने अज्ञानी राहणे ही क्षम्य चूक नव्हे, असे आम्हांला तेव्हापासून वाटते. जो नको म्हणू शकतो त्याच्या बाबतीत आपले अज्ञान त्याच्या नकाराने कधी कधी सावरले जाते. मुक्याच्या बाबतीत ते सावरणारे कोणी नसते.

मराठी माणसाला पिसू आणि बळजोरीचे हित ही जोडी नवीन नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढे साथ पुण्यात शिरली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. कायदा आखूड, अधिकार मात्र अमर्याद. हाच कायदा २०२० साली आपल्यापैकी पुष्कळांच्या टेबलावर पुन्हा आला होता. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर फिरल्या. माजघरे, देवघरे तपासली गेली, सामान बाहेर काढून जाळले, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली आणि ३ जुलैस तो मरण पावला, हे सांगावयास नको.

रँड दुष्ट होता की नव्हता, हा वाद आम्ही येथे काढीत नाही. आम्हांला निराळीच गोष्ट बोचते. एवढा सारा बंदोबस्त झाला तेव्हा प्लेग माणसापर्यंत कसा पोहोचतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८९८ च्या जूनमध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एका हॉटेलात राहून तो प्रयोग केला. प्लेगने आजारी उंदीर एका बरणीत ठेवला, त्यावर पिसवा पुरेशा असाव्यात म्हणून हॉटेलाच्या आसपास हिंडणाऱ्या एका मांजराच्या अंगावरून काही उसन्या घेतल्या, आणि जवळच जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला. आजारी उंदीर मेला, त्याचे थंड अंग सोडून पिसवा दुसऱ्याकडे गेल्या, आणि तोही प्लेगने मेला. सिमाँवर पुष्कळांनी तेव्हा विश्वास ठेवला नाही. हिंदुस्थानातील प्लेगच्या संशोधकांनी १९०५ नंतर ते पक्के केले. म्हणजे शिपाई देवघरातील पाट उलटे करून ज्या शत्रूला शोधीत होते तो मेल्या उंदराच्या अंगावरून केव्हाच निघून गेलेला होता. रँडच्या हाती आमच्यासारखीच दुसऱ्या प्राण्याची नळी होती. फरक इतका की मनी गुरगुरली नाही, आणि पुणे गुरगुरले.

त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले वारल्या. मुलगा यशवंतराव याने हडपसरच्या माळावर दवाखाना काढला होता; तेथे त्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले असे सांगतात. पिसवेचे रहस्य त्यांनाही ठाऊक नव्हते. अज्ञान दोन्हीकडे सारखेच असताना एका हाताचा लोकांनी वध केला आणि दुसऱ्याला आई म्हटले. तेव्हा मघाशी आम्ही सगळा भार ज्ञानावर टाकला तो पुरा खरा नव्हे, असे येथे मान्य करावे लागते. त्या माउलीच्या अज्ञानाची किंमत तिने स्वतः दिली. रँडच्या अज्ञानाची पुणेकरांनी. आमच्या अज्ञानाची मनीने. बळजोरी करणाऱ्याने जोखीम कोणाच्या अंगावर ठेवली, हे विचारल्याखेरीज त्या बळजोरीचे मोल ठरत नसावे.

आपण या पत्राचे वाचक बहुतेक सारे असे आहोत की ज्यांची भाषा आपल्याला धड येत नाही अशा लोकांच्या हिताचे निर्णय आपल्या सहीने होतात. धरणाखालचे गाव हलवावयाचे असते, झोपड्या उठवावयाच्या असतात, लस टोचावयाची असते. त्यातील पुष्कळ योग्यच असते. लोक ओरडतात ते दुभाषी आपल्याला सांगतो, पण सांगताना आवाज गाळून सांगतो. पिल्लाच्या किंचाळण्याला दुभाषी नव्हता, म्हणून कदाचित ते आम्हांला जास्त ऐकू आले.

औषध लावून झाल्यावर राखी पिल्लू कपाटाखाली गेले ते पाच तास बाहेर आले नाही. बशीत दूध नको (दूध मांजराला बहुधा सोसत नाही, हेही आम्ही या वयात शिकलो), म्हणून उकडलेल्या कोंबडीचे तुकडे ठेवले, तेही नको. आमच्याकडे ते अशा नजरेने पाही की तिला कृतघ्न म्हणण्याचा मोह आम्हांला झाला, हे लिहिताना लाज वाटते. त्याच्या दृष्टीने काय घडले होते? दोन अजस्र प्राण्यांनी त्याला बांधले आणि मानेवर काहीतरी थंड, उग्र वासाचे ओतले. त्याने आभार मानावे ही अपेक्षा आमच्या औषधाच्या मात्रेत कोठेच नमूद नव्हती.

हे सारे शेजारच्या घरातील निवृत्त अय्यंगार गृहस्थ दारातून पाहत होते. सौभाग्यवतींनी दुसऱ्या पिल्लाला मानगुटीस धरून उचलले, आणि ते चारही पाय सैल सोडून लोंबू लागले, तेव्हा ते हसून म्हणाले की यावरूनच तर आमच्यांत दोन तट पडले. वडकलै म्हणतात, जीव हा माकडिणीच्या पिलासारखा. त्याने आईला स्वतः घट्ट धरले पाहिजे. तेन्कलै म्हणतात, तो मांजरीच्या पिलासारखा. त्याने काही करावयाचे नाही, आईच त्याला उचलून नेते. पहिला मर्कटकिशोरन्याय, दुसरा मार्जारकिशोरन्याय. पहिल्यांचे आचार्य वेदान्तदेशिक, दुसऱ्यांचे पिळ्ळै लोकाचार्य. “आपण कोणत्या पक्षाचे?” असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “मी तेन्कलै. पण माझी मुले सारी वडकलै निघाली. कोणी उचलू देत नाही.”

त्यांचा न्याय ऐकून आम्हांला तेराव्या अध्यायातील दुसरी एक जागा आठवली. अहिंसक पुरुषाचे पाऊल जमिनीवर कसे पडते हे सांगताना ज्ञानेश्वरांनी मांजरीचाच दाखला दिला आहे: ती मायेने पिल्लाला तोंडात धरते तेव्हा तिच्या दातांची टोके जशी लागतात, तसे. दात तेच असतात. त्याच दातांनी तिने सकाळी उंदीर मोडलेला असतो. आणि पिल्लाला ती विचारून उचलीत नाही. आयुर्वेदाची झाडाझडती घेणाऱ्या ज्ञानेश्वरांनी अहिंसेच्या उपमेसाठी शिकारी प्राण्याचे दात निवडावेत, हे आम्ही अनेक रात्री मनात घोळवीत आहोत. हाती ठोस असे काही लागलेले नाही.

रात्री राखी पिल्लू आपण होऊन बाहेर आले आणि मातोश्रींच्या पायाशी झोपले. आमच्याकडे यावयास त्याला आणखी दोन दिवस लागले.

तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसल्या. औषध खोटे, असे आम्ही म्हणणार होतो. पण पशुवैद्य बाईंनी हे आधीच बजावले होते. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे थोडकाच भाग. अंडी अंगावरून गळून चटईच्या विणीत, फरशीच्या फटीत पडतात, त्यांच्या अळ्या होतात, अळ्यांचे कोश. कोशातील पिसवेपर्यंत बहुधा कोणतेच औषध पोहोचत नाही. ती महिनोन्महिने आत थांबते आणि जवळून पावलांचा हादरा, ऊब, श्वास जाणवला की बाहेर पडते. तोपर्यंत चटया उन्हात टाकणे, अंथरुणे गरम पाण्यात धुणे, रोज कोपरे झाडणे, आणि महिना भरण्याच्या आत दुसरी नळी न मोडणे. कॅलेंडरावर पुढली तारीख लाल शाईने लिहिली आहे. मधल्या दिवसांना पुन्हा फणी आली.

काल कचेरीतून परतावयास उशीर झाला. दिवे लागून गेले होते. पाहतो तो पोथी बाजूला ठेवून, तांबड्या पिल्लाला मांडीवर उताणे घेऊन, मातोश्री स्वतःच फणी चालवीत होत्या. आम्ही चपला काढीपर्यंत त्यांनी वाटी पुढे केली.

“पाण्यात साबण कमी झालाय बघ,” त्या म्हणाल्या. “वर येतायत.”